नाऱ्याच्या बाजूने

भिवंडीतला तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. 28 नोव्हेंबर 2021, रविवारची रात्र, खंडूपाड्यातला अन्सारी मॅरेज हॉल. फटाक्यांच्या ठिणगीने सामान पेटलं, ज्वाळा वर चढल्या आणि अलीकडे पाहुणे जेवत बसलेले. एकजण मान वळवून आगीकडे बघतो, पुन्हा ताटाकडे वळतो, घास घेतो. सगळा देश हसला. दुचाक्या, खुर्च्या, सजावटीचं सामान जळून गेलं. अग्निशमन दलाने आग विझवली, कोणाचा जीव गेला नाही. म्हणून तर हसता आलं.

मी त्या जेवणाऱ्यांना दोष देत नाही. लग्नात पाहुणा यजमानाच्या शब्दावर उठतो-बसतो. बसा म्हटलं की बसतो, वाढलं की जेवतो. धोका आहे, उठा, या बाजूने चला, असं सांगायचं काम ज्याचं होतं तो माणूस कुठे होता, हा माझा प्रश्न आहे. हा प्रश्न एकट्या भिवंडीचा नाही. आपल्या रिठद गावचा आहे, रिसोडचा आहे, वाशिमच्या हमरस्त्यावरच्या प्रत्येक लॉनचा आहे.

आपल्याकडे म्हण आहे, शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. पिढ्यान्‌पिढ्या आपण नाऱ्याला नावं ठेवली. मांडवाला खरंच आग लागली होती का, हे कोणी विचारलं नाही. लागली असेल, तर त्या मांडवात कामाचा माणूस तो एकटाच होता. बाकीचे शकुन सांभाळत बसले होते. मी नाऱ्याच्या बाजूने लिहितो आहे.

आपल्या भागातलं लग्न डोळ्यांपुढे आणा. पत्रिकेवर मुहूर्त पावणेबाराचा असतो. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघतो, डीजेपुढे पोरं नाचतात, मांडवात यायला दीड वाजतो. मग माईक. आजी, माजी आणि भावी अशा सगळ्यांची नावं पुकारली जातात. कोणाचं नाव राहिलं तर वर्षभर अबोला. शाल, श्रीफळ, शुभेच्छांचे दोन शब्द, जे कधीच दोन नसतात. अर्धा-पाऊण तास माईक चालू असतो. या वेळात एक वाक्य कधी ऐकलंत का? 'मंडळी, बाहेर पडायची दुसरी वाट आचाऱ्याच्या बाजूला आहे, काही झालं तर पोरंबाळं, म्हाताऱ्यांना घेऊन तिकडून निघा.' मी आजवर एकाही मांडवात ऐकलं नाही. दहा सेकंदांचं वाक्य आहे. ते अपशकुनी वाटतं म्हणून कोणी बोलत नाही.

हजार माणसांना एकाच क्षणी एकच गोष्ट कळवायचं साधन लग्नात हातात तयार असतं. शाळेत नसतं, बाजारात नसतं, यात्रेत शोधावं लागतं. इथे ते चालू असतं. आणि गडबड झाली की सगळ्यांत आधी काय होतं? डीजेवाला, साऊंडवाला आपलं मशीन उचलायला धावतो. वीज गेली तर माईक मुका होतो, कारण जनरेटरवाला जेवायला बसलेला असतो किंवा डिझेल आणायला गेलेला असतो. व्यवस्थापक म्हणून ज्याचा नंबर दिलेला, तो फोनवर म्हणतो, 'काई नाई होत भाऊ, तुम्ही जेवून घ्या.' मला या वाक्याचा राग येतो. ते धीर देण्यासाठी उच्चारलेलं नसतं. जबाबदारी टाळण्यासाठी उच्चारलेलं असतं.

कारण मांडवात मालक कोणीच नसतो. कार्यालयवाल्याने जागा दिली. बिछायतवाल्याने कापड बांधलं. फुलवाल्याने त्या कापडाला थर्माकोल लावला. लाईटवाल्याने त्यातूनच वायर नेली. आचाऱ्याने शेजारी भट्टी लावली. प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि या सगळ्या कामांची बेरीज धोकादायक झाली आहे का, हे बघायला कोणालाच नेमलेलं नाही. ती बेरीज पोरीच्या बापाच्या गळ्यात पडते. ज्या माणसाला त्या दिवशी स्वतःच्या पोरीकडे डोळे भरून बघायला फुरसत नसते, त्याच्या.

पावती काढून बघा. वीज गेल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. चोरी झाल्यास जबाबदार नाही. पाऊस आल्यास जबाबदार नाही. मग पैसे कसले घेतले? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची कल्पना आली आहे. पावतीवर बारीक अक्षरांत छापलं म्हणून सेवेतली कसूर माफ होत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. पण लग्न पार पडलं की आपण गप्प बसतो. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणतो, आणि पुढच्या तारखेला तोच हॉल दुसऱ्या पोरीच्या बापाला त्याच पावतीवर जातो.

आता आपल्या हवेबद्दल. लग्नसराई आणि अवकाळी पाऊस दोन्ही एप्रिल-मेमध्येच येतात, हे रिठदच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. दुपारी चारनंतर पश्चिमेला आभाळ काळं झालं की तो वावरातली हळद झाकायला पळतो. लॉनवाला मात्र त्याच आभाळाखाली लोखंडी कमानी, पत्र्याचे डोम आणि स्क्रीन उभा करून निवांत असतो. वारा सुटला की माणसं कुठे जातात? जवळच्या पत्र्याखाली नाहीतर भिंतीच्या आडोशाला. आणि तिथेच मरण असतं.

9 एप्रिल 2023 ची रात्र आठवा. शेजारच्या अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या पारसला बाबूजी महाराज संस्थानात वादळ-पावसापासून वाचायला भाविक टिनशेडमध्ये शिरले. जुनं कडुनिंबाचं झाड त्या शेडवर कोसळलं. सात माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. त्याआधी, मे 2017 मध्ये, राजस्थानात भरतपूरला एका मॅरेज गार्डनमध्ये वादळात भिंत पडली आणि तिच्या आडोशाला उभे राहिलेले वीसहून अधिक वऱ्हाडी दबून मेले. दोन्ही ठिकाणी माणसं मूर्ख नव्हती. वादळात आडोसा शोधणं ही उपजत बुद्धी आहे. कोणता आडोसा पक्का आणि कोणता फसवा, हे जागेच्या मालकालाच ठाऊक असू शकतं. ते त्याने आधी ठरवायचं असतं आणि त्या वेळी ओरडून सांगायचं असतं.

हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर येतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, फुकट आहे, आसपास वीज पडण्याची शक्यता आधी सांगतं. लॉनचं भाडं घेणाऱ्याने ते बघणं हे त्याच्या कामात मोडतं. लोखंडी मंडप उभा करणाऱ्याने तर मोडतंच मोडतं. ढग दाटले की स्क्रीन उतरव, मुख्य वीज बंद कर, लोकांना पक्क्या छताखाली ने. लग्न अर्धा तास थांबेल. नाहीतरी डीजे आणि पुढाऱ्यांसाठी ते दीड तास थांबलेलंच असतं.

या थांबण्याचा दुसरा परिणाम ताटात दिसतो. स्वयंपाक पहाटे सुरू होतो. वरण, वांग्याची भाजी, बुंदी सकाळी आठ-नऊला तयार. मुहूर्त दुपारचा, लग्न लागतं अडीचला, शेवटची पंगत उठते साडेचार-पाचला. मेच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेलं दुधाचं, दह्याचं, खव्याचं काहीही इतके तास टिकत नाही. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम नाहीतर पाच अंशांच्या खाली गार ठेवायचं असतं, त्याच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. आपल्या पंगतीतलं श्रीखंड आणि मठ्ठा त्या मधल्या पट्ट्यातच दिवस काढतात. म्हणजे सत्काराचा माईक जितका लांबतो तितकं जेवण बिघडतं. हा संबंध लावायची आपल्याला सवय नाही.

20 फेब्रुवारी 2024 ला आपल्या शेजारच्याच लोणार तालुक्यात सोमठाण्याला काय झालं? लग्न नव्हतं, हरिनाम सप्ताह होता, एकादशीचा भगरीचा प्रसाद होता. शेकडो लोकांना विषबाधा झाली. बिबीच्या रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. माणसं बाहेर जमिनीवर झोपवली, झाडांना दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. ते फोटो बघून मुंबई-पुण्यातले लोक हळहळले. मी त्यात आपल्या डॉक्टरांची आणि गावकऱ्यांची हुशारी बघितली आणि सरकारची लाजही बघितली. आपल्याकडे एका रात्रीत शंभर माणसं आजारी पडली तर ती ठेवायला जागा नाही. वाशिमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही मोठी गोष्ट आहे. पण जरा गंभीर रुग्ण दिसला की 'अकोल्याला हलवा' हे वाक्य अजून कानांवर येतंच. आपली दवाखान्यांची ताकद तोकडी आहे म्हणून तर आपल्या मांडवांनी जास्त सावध असायला हवं.

आणि विषबाधा झाली की कार्यालयवाले, आचारी काय करतात? पहिलं काम म्हणजे उरलेलं अन्न नालीत फेकणं आणि भांडी घासून टाकणं. बदनामी नको म्हणून. कधीकधी घरचेच लोक तसं सांगतात. हे थांबलं पाहिजे. डॉक्टरला काय खाल्लं आणि किती वाजता खाल्लं हे कळलं तर उपचाराला दिशा मिळते. अन्न व औषध प्रशासनाला नमुना मिळाला तर कारण कळतं, खवा की पाणी की तेल. पाण्याचा जार कुठून आला हे कोणी विचारत नाही, जारवर ना नाव असतं ना तारीख. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून बाजूला गार ठेवावी, दोन दिवस टाकू नये. मोठ्या स्वयंपाकघरांत ही साधी रीत आहे. लग्नाच्या आचाऱ्याला ती जड नाही. त्याला कोणी सांगितलेलं नाही एवढंच.

आगीबद्दल मी लांबलचक लिहिणार नव्हतो, पण एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. डबवाली. हरियाणातलं गाव. 23 डिसेंबर 1995. शाळेचा बक्षीस समारंभ होता आणि तो भरवला होता एका मॅरेज पॅलेसमध्ये, कृत्रिम धाग्याच्या कापडी मंडपात. ठिणगी पडली, मंडप वितळून अंगावर ठिबकला, बाहेर पडायची वाट अपुरी होती. काही मिनिटांत चारशेहून अधिक माणसं गेली, त्यातली अर्ध्याहून जास्त शाळेतली लेकरं. उच्च न्यायालयाने भरपाईचा भार शाळेच्या संस्थेबरोबर सरकारी यंत्रणांवरही टाकला, पण तो निकाल 2009 मध्ये आला. चौदा वर्षांनी. तीस वर्षांपूर्वी ज्या कापडाने ती लेकरं जाळली, त्याच जातीचं चकचकीत, घड्या घातलेलं कापड आजही आपल्या मांडवांना लागतं. भारतीय मानक संस्थेने तात्पुरत्या मंडपांसाठी आगीच्या खबरदारीचं मानक काढलेलं आहे, आयएस 8758. असं कापड वापरू नका हे त्यात सांगितलेलं आहे. किती बिछायत केंद्रांनी ते नाव ऐकलं असेल?

23 जानेवारी 2004 ला तामिळनाडूत श्रीरंगमच्या मंगल कार्यालयात झावळ्यांचं छत पेटलं. व्हिडिओ शूटिंगच्या दिव्याच्या वायरची ठिणगी. पन्नासहून अधिक माणसं गेली, नवरदेवही गेला. 8 डिसेंबर 2022 ला जोधपूर जिल्ह्यातल्या भुंगरा गावात वरात निघायच्या बेतात होती, तेव्हा गॅस सिलिंडरने घर पेटवलं. तिथेही तीसहून अधिक मृत्यू. 26 सप्टेंबर 2023 ला इराकमधल्या काराकोशला लग्नाच्या हॉलमध्ये शोभेची आतषबाजी केली, छताचे पॅनेल पेटले, शंभराच्या वर माणसं मेली. शोभेची ती नळकांडी आपल्याकडे तालुक्याला मिळतात. नवरीच्या एन्ट्रीला दोन्ही बाजूंनी लावतात, वर कापड, खाली गालिचा. फोटो सुंदर येतो. मी हात जोडून सांगतो, छताखाली ती लावू देऊ नका. फोटोग्राफर रुसला तर रुसू दे.

आग लागली तर रिठदला बंब कुठून येणार? तालुक्याहून नाहीतर जिल्ह्याहून. चालक जागेवर असला, रस्ता मोकळा असला, दारात डीजेचा ट्रक आडवा नसला, तरी तो येईपर्यंत कापडी मांडवाचं काही उरत नाही. म्हणून पहिली दहा मिनिटं आपलीच असतात. राज्यात 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे, तिच्यावर डॉक्टर असतो, हे मोठं बळ आहे. पण तिलाही आत यायला वाट लागते. आपल्या लॉनच्या फाटकात वऱ्हाडाच्या गाड्या अशा दाटीवाटीने लावलेल्या असतात की नवरदेवाची घोडी कशीबशी आत येते. रुग्णवाहिका येणं लांबच.

पाणी मात्र आपल्याकडे असतं, फक्त त्याचा कोणी विचार करत नाही. लग्नाला टँकर आणतोच ना? त्याला पाइप जोडून मांडवाच्या कडेला उभा करा, लग्न लागेपर्यंत हलवू नका. गावात घरोघरी फवारणीचे पंप आहेत, तेही कडेला ठेवा. भट्टीजवळ वाळूच्या बादल्या आणि ओली पोती ठेवा, कारण कढईतल्या पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं की आग उडते आणि आचारीच भाजतो. घरगुती लाल सिलिंडर लग्नाच्या भट्टीला लावू नका, आणि कोणतंही सिलिंडर पंगतीजवळ नको. यासाठी ना निधी लागतो ना मंत्रालयाचा शासन निर्णय.

उन्हाचंही तसंच. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसलेले 14 श्रीसेवक गेले. आपण हळहळलो आणि पुढच्याच महिन्यात दुपारच्या मुहूर्तावर नव्वदीच्या आजीला पत्र्याखाली तीन तास बसवलं. एखादी बाई चक्कर येऊन पडते, चार जणी पदराने वारा घालतात, कोणीतरी कांदा आणतं. कार्यालयवाल्याकडे एक गार खोली, एक खाट आणि मीठ-साखरेचं पाणी नसावं? नवरदेवासाठी एसी खोली असते. ती त्या बाईला उघडून द्यायला त्याची परवानगी घ्यावी लागते, आणि किल्ली त्याच्या मामाकडे असते.

किल्लीवरून आठवलं. मागचं दार. आपल्या बहुतेक कार्यालयांना ते असतं आणि बहुतेक वेळा त्याला कुलूप असतं. विचारलं तर कारणं मिळतात. भांडी चोरीला जातात, जनावरं शिरतात, फुकटे जेवायला येतात. पाच-पन्नास ताटं वाचवायला हजार माणसं कोंडायची, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? अग्निसुरक्षेचा कायदा राज्यात 2006 चा आहे. मालकाने यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं असं त्यात आहे. शहरांतसुद्धा ते नेमाने होत नाही, तर गावच्या समाजमंदिराला आणि वावरात उभ्या राहिलेल्या लॉनला कोण विचारतो? वरून कोणी विचारायला येईल याची वाट बघण्यात मला अर्थ वाटत नाही.

1 मेची ग्रामसभा ऐन लग्नसराईत येते. त्या दिवशी एक ठराव घ्यायला हरकत काय? गावात मांडव पडला की ज्याच्या जागेत तो आहे त्याने एका माणसाचं नाव आणि फोन ग्रामपंचायतीत लिहून द्यायचा. तो माणूस लग्न उरकेपर्यंत जागा सोडणार नाही. त्याला सत्कार नको, फेटा नको, जेवण सगळ्यांच्या नंतर. वीज कुठून बंद होते, जनरेटर कोण चालवतो, वाटा किती आणि पक्की भिंत कोणती, हे त्याला पाठ पाहिजे. माईक कधीही हातात घ्यायचा अधिकार त्याला पाहिजे, आमदार बोलत असले तरी. गावातली एखादी आशाताई, एखादा निवृत्त फौजी, शाळेतले मास्तर हे काम उत्तम करतील. मानधन कार्यालयाच्या भाड्यातून द्या. बँडवाल्याला देतो त्याच्या कितीतरी कमी लागेल.

ठराव होईल तेव्हा होईल. तोपर्यंत पोरीच्या बापाने एक करावं. कार्यालय बघायला जाल तेव्हा स्टेज, झुंबर आणि नवरीची खोली बघून भुलू नका. इसाराचे पैसे खिशातच राहू द्या. आधी मालकाला म्हणा, मागचं दार उघडून दाखवा. किल्ली सापडायला किती वेळ लागतो ते तिथेच उभं राहून बघा. दारापलीकडे खुर्च्यांचा ढीग असला तर तो हलवून घ्या, स्वतः त्या वाटेने रस्त्यापर्यंत चालत जा. त्या दिवशी इथे कोण असेल ते नाव पावतीवर लिहून मागा. मालक कुरकुरला तर दुसरं कार्यालय बघा, नाहीतर शाळेचं पटांगण मागा. लग्न तिथेही तेवढंच चांगलं लागतं.